वनस्पतीजन्य जंतुरोधक गॉज : मुंबईत काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

वस्त्ररसायन, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा फार्मसी शिकणाऱ्या आणि वनस्पतीच्या अर्काने गॉज, बँडेज किंवा रुग्णालयातली चादर जंतुरोधक करता येते का, हे पहिल्यांदाच तपासू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. घरी तयार केलेली पट्टी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जखमेवर बांधण्यासाठी तो नाही. येथे सांगितलेले सगळे काम प्रयोगशाळेत, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली आणि माणसाच्या अंगाला न लावता करायचे आहे.

मुंबईत या विषयाला लागणारे बहुतेक सारे लोकलच्या टप्प्यात सापडते. माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था, वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था आणि १९२४ साली सुरू झालेली, आज सिरकॉट म्हणून ओळखली जाणारी कापूस संशोधन संस्था आहे. घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, म्हणजे बीट्रा, आणि वरळीला सस्मिरा ही वस्त्रसंशोधन संस्था आहे. काचसामान व रसायने प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात मिळतात, कापड मुळजी जेठा मार्केटमध्ये आणि काष्ठौषधी मशीद बंदरच्या बाजूला. त्यामुळे साधनांअभावी काम अडते असे क्वचितच घडते. काम अडते ते वेगळ्याच ठिकाणी. पेट्री डिशमध्ये अर्काने जंतू मारणे हा या विषयातला सर्वांत सोपा भाग आहे. तोच अर्क कापडावर बसल्यावर, रक्त आणि पू यांच्या सान्निध्यात आणि निर्जंतुकीकरणाच्या उष्णतेतून गेल्यावरही काम करतो का, आणि मेलेले जंतू खरोखर त्याच अर्काने मेले का, हे दाखवणे अवघड असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दुसऱ्या प्रश्नाभोवती रचल्या आहेत.

पहिली पायरी : कापडाचा उपयोग आधी ठरवावा

शरीरात राहणारे टाके, शरीराबाहेरच्या यंत्रांतील तंतू, जखमेवरची ड्रेसिंग आणि रुग्णालयातील चादरी, गाऊन, पडदे यांसारखी कापडे असे वैद्यकीय कापडाचे ढोबळ चार गट पडतात. नवशिक्याने पहिल्या दोहोंच्या वाटेला जाऊ नये. उरलेल्या दोहोंच्या मागण्या परस्परविरोधी आहेत. चादर वारंवार धुतली जाते आणि रुग्णालयाच्या धुलाईत गरम पाणी, अल्कली आणि क्लोरीनयुक्त ब्लीच वापरले जाते. वनस्पतीतील बहुतेक क्रियाशील द्रव्ये त्यापुढे फार काळ टिकत नाहीत. गॉज एकदाच वापरून टाकले जाते, म्हणून धुलाईचा प्रश्न उद्भवत नाही, पण त्याने द्रव चटकन शोषला पाहिजे, जखमेला चिकटता कामा नये आणि पेशींना अपाय करता कामा नये. माझ्या मते सुरुवात एकदाच वापरायच्या गॉजपासून करावी आणि तेही जखमेला थेट न टेकणारा, ड्रेसिंगचा बाहेरचा थर डोळ्यांसमोर ठेवून करावी.

ड्रेसिंगची गुणवत्ता केवळ जंतू मारण्यावर ठरत नाही, याचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची ड्रेसिंग वापरून २००३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याआधी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालीच्या ड्रेसिंगविषयीचा अभ्यासही याच शहरातून प्रसिद्ध झाला होता. केळीचे पान मेणचट आणि गुळगुळीत असते, ते जखमेला चिकटत नाही, आणि म्हणून ड्रेसिंग बदलताना रुग्णाला वेदना कमी होतात. जखम ओलसर राहिली तर त्वचा लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांत दाखवले होते. तेव्हा अर्काच्या मागे लागून गॉजचा मऊपणा किंवा शोषणशक्ती गमावली, तर मिळवले त्याहून जास्त घालवले असे होईल.

दुसरी पायरी : एकच वनस्पती निवडावी आणि तिची ओळख पटवून घ्यावी

कडुनिंब, हळद, तुळस, कोरफड, डाळिंबाची साल, हिरडा, लवंग, दगडीपाला अशी यादी लांबवता येते, आणि एकाच प्रकल्पात पाच-सहा वनस्पतींची तुलना करण्याचा मोह प्रत्येकालाच होतो. तो टाळावा. एका वनस्पतीचे काम नीट झाले तर त्यातून काही शिकता येते. सहा वनस्पतींचे काम घाईत उरकले तर हाती फक्त एक तक्ता लागतो.

निवड करताना क्रियाशील द्रव्य कोणते आणि ते कापडावर कसे वागेल, हे पाहावे. हिरडा आणि डाळिंबाची साल यांत टॅनिन हे तुरट द्रव्य विपुल असते. टॅनिन पाण्यात विरघळते आणि सुतावर बऱ्यापैकी बसते, म्हणूनच नैसर्गिक रंगाईत सूत आधी हिरड्याच्या पाण्यातून काढण्याची रीत आहे. हळदीतील करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, उजेडात विघटित होते आणि अल्कलीत टिकत नाही. लवंगेच्या तेलातील युजेनॉल जंतूंवर प्रभावी आहे, परंतु ते उडून जाते आणि काही जणांच्या त्वचेला त्याची ॲलर्जी असते. कोरफडीच्या गरातील शर्करा-साखळ्या जखमेत ओलावा राखायला उपयोगी असल्या, तरी निव्वळ जंतुनाशक म्हणून तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. नवशिक्यासाठी मी हिरडा सुचवीन. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतून तो बाजारात येतो, वर्षभर वाळलेला मिळतो आणि त्याच्या अर्काची मोजणी तुलनेने सोपी असते.

ओळख पटवण्याच्या बाबतीत दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. एकाच नावाने जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी झाडे ओळखली जातात. पाने, फुले, फळे असलेली फांदी दाबून वाळवावी आणि झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमसारख्या ठिकाणी ती तपासून प्रमाणपत्र घ्यावे. त्याचा क्रमांक वहीत पहिल्या पानावर लिहावा.

डाळिंबाच्या सालीबद्दल एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण ती फुकट मिळते म्हणून अनेक जण ज्यूस सेंटरवरून पिशवी भरून आणतात. महाराष्ट्रातील डाळिंबबागांत तेल्या या जिवाणूजन्य रोगावर बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड ही तांबेयुक्त औषधे आणि स्ट्रेप्टोमायसिनयुक्त औषधे फवारली जात आली आहेत. तांबे आणि प्रतिजैविक हे दोन्ही जंतू मारतात. अशा सालीच्या अर्काने प्लेटवर जंतू न वाढलेले मोठे वर्तुळ उमटले, तर ते कोणाचे मानायचे? साल फवारणीची नोंद असलेल्या बागेतूनच घ्यावी, स्वच्छ धुवावी आणि शक्य असल्यास अर्कातील तांबे मोजून घ्यावे.

तिसरी पायरी : वाळवण आणि अर्क

पुस्तकांत "सावलीत वाळवावे" असे लिहिलेले असते, पण ते लिहिणाऱ्याच्या गावी जुलैतली मुंबई नसते. पावसाळ्यात इथे सावलीत टाकलेला पाला वाळण्याआधी बुरशी धरतो, आणि बुरशीने स्वतःची द्रव्ये त्यात सोडली की अर्क त्या वनस्पतीचा उरत नाही. जून ते सप्टेंबर या काळात हवा खेळती असलेल्या ओव्हनमध्ये ४० अंश सेल्सिअसला वाळवावे. पान बोटांत चुरले असता कुरकुरीत मोडले पाहिजे. नंतर दळून, चाळून, हवाबंद बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे.

अर्कासाठी १०० ग्रॅम पूड १ लिटर द्रावकात, म्हणजे १ : १० या प्रमाणात, २४ ते ४८ तास हलवत ठेवणे ही सर्वांत साधी पद्धत आहे. हिरड्यासाठी पाणी किंवा ५० ते ७० टक्के इथेनॉल पुरते. जखमेच्या कामात मिथेनॉल वापरू नये. अर्क त्याने चांगला निघतो हे खरे, पण त्याचा अंश मागे राहिला नाही हे सिद्ध करण्याचे ओझे विनाकारण अंगावर येते. येथे एक व्यवहारातली गोष्ट : महाराष्ट्रात शुद्ध अल्कोहोल बाळगणे १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली येते आणि संस्थेकडे परवाना असावा लागतो. प्रकल्प ठरवण्याआधीच विभागाच्या भांडारात याची चौकशी करावी, नाहीतर सत्र त्यातच निघून जाते.

गाळलेला अर्क रोटरी इव्हॅपोरेटरवर ५० अंशांच्या आत आटवावा, उरलेला घट्ट भाग वाळवून वजन करावा आणि १०० ग्रॅम पुडीमागे किती ग्रॅम अर्क मिळाला, ते लिहावे. हिरड्याच्या बाबतीत लोखंडी भांडे, गंजलेली कढई किंवा नळाचे पाणी वापरू नये. टॅनिन आणि लोह यांचा संयोग झाला की अर्क शाईसारखा काळा पडतो. स्टेनलेस स्टील किंवा काच आणि डिस्टिल्ड पाणीच वापरावे. तयार अर्क तपकिरी बाटलीत ४ अंशांना ठेवावा आणि प्रत्येक खेपेला त्याचे एकूण फिनॉल किंवा टॅनिन मोजावे. हा आकडा नसेल तर पुढच्या महिन्यातला अर्क आणि आजचा अर्क सारखाच आहे, हे सांगायला काहीच आधार उरत नाही.

चौथी पायरी : कापडाला हात लावण्याआधी अर्काची ताकद मोजावी

जंतूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा द्रव माध्यमात मोजून घ्यावी. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि इश्चेरिशिया कोलाय हे दोन जंतू सुरुवातीला पुरेत. जखमेचा विचार असेल तर स्यूडोमोनास एरुजिनोसा नंतर जोडावा. प्रमाणित कल्चर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगढच्या एमटीसीसी या संग्रहांतून मागवता येतात. रुग्णालयातल्या ओळखीच्या माणसाकडून आलेले, नाव-गाव नसलेले कल्चर घेऊ नये. हे जंतू रोगकारक आहेत. काम जैवसुरक्षेच्या दुसऱ्या स्तराच्या प्रयोगशाळेतच व्हावे, आणि वापरलेली प्रत्येक प्लेट १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्यावरच २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पुढे जावी.

बहुतेक अर्क स्टॅफिलोकॉकसवर सहज चालतात आणि कोलाय किंवा स्यूडोमोनासवर मंदावतात. या दुसऱ्या गटातील जंतूंना एक जादा बाह्य पटल असते आणि ते पुष्कळशी द्रव्ये आत शिरू देत नाही. हा निकाल आला म्हणून निराश होऊ नये, पण अहवालात तो लपवूही नये. अर्क गडद रंगाचा असेल तर द्रव गढूळ झाला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी रेझाझुरिन हे रंगद्रव्य वापरतात, जिवंत जंतू त्याला निळ्याचे गुलाबी करतात. मात्र अर्क स्वतःही हा रंग बदलू शकतो, म्हणून जंतू न घातलेली एक रांग प्रत्येक वेळी ठेवावी. शंका असेल तेथे प्लेट टाकून कॉलनी मोजाव्यात, त्याला पर्याय नाही.

पाचवी पायरी : कापडाची तयारी

बाजारातून आणलेले कोरे सुती कापड तसेच वापरू नये. त्यावर खळ असते, सुतावर मेण असते आणि यांमुळे अर्क ठिगळा-ठिगळाने बसतो. खळ काढणे, कॉस्टिक सोड्यात उकळणे, हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच करणे आणि भरपूर धुणे, हा क्रम ठरलेला आहे. त्याऐवजी तयार, औषधी दर्जाचे शोषक गॉज आणले तरी चालते. त्यात चमक आणणारी ऑप्टिकल व्हाइटनर असता कामा नयेत. अतिनील दिव्याखाली कापड निळसर चमकले तर ते परत करावे.

धुलाई पुरी झाली की नाही हे पाहण्याची एक स्वस्त युक्ती आहे. हळदीचे अल्कोहोलमधले द्रावण कापडाच्या कोपऱ्यावर थेंबभर टाकावे. पिवळे राहिले तर ठीक. तांबूस झाले तर सोडा अजून सुतात आहे. चुन्याने हळदीचे कुंकू होते, तीच ही क्रिया. उरलेले पेरॉक्साइड मात्र हळदीने कळत नाही. त्यासाठी चाचणीपट्ट्या मिळतात आणि त्या वापराव्यातच, कारण सुतात राहिलेले पेरॉक्साइड हे स्वतःच जंतुनाशक आहे.

सहावी पायरी : अर्क कापडावर बसवणे

कारखान्यात चालणारी आणि प्रयोगशाळेत करता येणारी पद्धत म्हणजे पॅडिंग : कापड अर्काच्या द्रावणातून काढायचे, दोन रुळांमध्ये पिळायचे, वाळवायचे आणि गरज असेल तर क्युअर करायचे, म्हणजे जास्त तापमानावर तापवून अर्क पक्का करायचा. किती द्रावण कापडाने उचलले, त्याला पिक-अप म्हणतात. समजा, २० ग्रॅम कापड पिळल्यावर ३६ ग्रॅम भरले. म्हणजे १६ ग्रॅम द्रावण आले आणि पिक-अप ८० टक्के झाला. द्रावणात ५ टक्के अर्क असेल, तर त्या १६ ग्रॅममध्ये ०.८ ग्रॅम अर्क, म्हणजे कापडाच्या वजनाच्या ४ टक्के अर्क बसला.

आता या ०.८ ग्रॅमची खात्री वजनाने करायला गेले की मुंबईची हवा आडवी येते. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला सूत आपल्या कोरड्या वजनाच्या ७ ते ८ टक्के पाणी धरून असते. २० ग्रॅम कापडात ते दीड ग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे बसवलेल्या अर्काच्या जवळजवळ दुप्पट. सकाळी एसी चालू असताना केलेले वजन आणि दुपारी पाऊस पडत असताना केलेले वजन यांतला फरक अर्काच्या वजनाहून मोठा असू शकतो. म्हणून प्रक्रियेआधी आणि नंतर, दोन्ही वेळा कापड २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत रात्रभर ठेवूनच वजन करावे. अशी खोली नसेल तर १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवून, डेसिकेटरमध्ये थंड करून मोजावे. तेलयुक्त अर्कासाठी मात्र ओव्हन चालणार नाही, कारण पाण्याबरोबर तेलही उडेल.

वाळवणे ८० अंशांवर पाच मिनिटे पुरते. अर्क पक्का बसावा म्हणून सायट्रिक आम्ल आणि सोडियम हायपोफॉस्फाइट यांच्या मदतीने १५० ते १८० अंशांवर क्युअर करण्याची पद्धत प्रचलित आहे. तिने सूत काहीसे पिवळे पडते, त्याची ताकद कमी होते आणि आम्ल कापडावर राहते. एकदाच वापरायच्या गॉजला या पक्केपणाची गरजच नाही, असे माझे मत आहे. अर्काने कापड सोडून जखमेच्या द्रवात थोडेफार उतरणे हेच तिथे अपेक्षित असते. लवंगेसारख्या तेलांसाठी बाभळीच्या डिंकाच्या कवचात तेल बंद करणे किंवा सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत ते अडकवणे असे मार्ग आहेत, परंतु ते पहिल्या प्रकल्पाचे काम नव्हे.

सातवी पायरी : कंट्रोल

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले, अर्क नसलेले कापड. केवळ "प्रक्रिया केलेले" आणि "न केलेले" अशा दोन कापडांची तुलना पुरेशी नाही. अर्काखेरीज कापडावर जे जे गेले, त्या प्रत्येकाचे वेगळे कापड तयार करावे : फक्त द्रावकातून काढून वाळवलेले, फक्त सायट्रिक आम्ल व हायपोफॉस्फाइट लावलेले, फक्त डिंक किंवा बाइंडर (अर्क चिकटवणारे द्रव्य) लावलेले आणि तितकेच तापवलेले पण काहीही न लावलेले. सायट्रिक आम्ल लावलेल्या कापडाचा सामू (पीएच) इतका उतरू शकतो की जंतू आम्लानेच मरतात. बाइंडर म्हणून कायटोसान घेतले असेल, तर ते कोळंबीच्या कवचातून येते, वनस्पतीतून नव्हे, आणि स्वतःच जंतुरोधक असते. अर्क पक्का व्हावा म्हणून मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घातला असेल, तर यश तांब्याचे आहे असेच मानावे, आणि जखमेच्या कापडात मोरचूद मुळातच नको.

परीक्षक म्हणून मला एखादा अहवाल हाती आला, तर मी आधी ही कंट्रोलची ओळ पाहतो. ती नसेल तर पुढचे ९९ टक्के वाचण्याची घाई करत नाही.

आठवी पायरी : कापडावरची जंतुचाचणी

सुरुवातीला सगळे जण अगार प्लेटवर कापडाचा तुकडा ठेवून भोवतीचे स्वच्छ वर्तुळ मोजतात. चाळणी म्हणून हे ठीक आहे, पण वर्तुळाचा आकार द्रव्य अगारमध्ये किती पसरते यावर अवलंबून असतो. करक्युमिन पाण्यात विरघळत नसल्याने फारसे पसरत नाही, म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही, आणि मोठे वर्तुळ देणारा अर्क पाच मिनिटांत धुऊन जाणारा असू शकतो.

खरा निकाल संख्यात्मक चाचणीतून मिळतो. एएटीसीसी १०० या वस्त्रचाचणीच्या प्रमाणित पद्धतीत ४.८ सेंटिमीटर व्यासाच्या कापडाच्या चकत्या बरणीत एकावर एक ठेवतात. १ मिलिलिटर द्रव पूर्ण शोषला जाईल, खाली साचणार नाही, इतक्याच चकत्या घ्यायच्या. त्या द्रवात १ ते २ लाख जिवंत जंतू असतात. काही बरण्यांतील जंतू लगेच आणि काहींतील २४ तासांनी ३७ अंशांवर ठेवल्यानंतर १०० मिलिलिटर निष्प्रभकारी द्रवात हलवून काढतात आणि कॉलनी मोजतात. निष्प्रभकारी द्रव, म्हणजे लेसिथिन आणि ट्वीन ८० असलेला, विसरता कामा नये. तो नसेल तर कापडातून सुटलेला अर्क मोजणीच्या प्लेटवरही जंतूंना रोखत राहतो आणि निकाल फुगतो. टॅनिनसाठी हा द्रव पुरतो की नाही, तेही वेगळे तपासावे. आयएसओ २०७४३ ही दुसरी मान्य पद्धत आहे. तिच्यात जंतुरोधाचे मूल्य २ ते ३ असेल तर ते लक्षणीय आणि ३ किंवा अधिक असेल तर जोरदार समजले जाते.

आकड्यांच्या भाषेबद्दल दोन शब्द. ९९ टक्के घट ऐकायला पुष्कळ वाटते, परंतु १ लाख जंतूंतले १ हजार त्यात जिवंत राहतात आणि अनुकूल परिस्थितीत कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. म्हणून टक्क्यांसोबत लॉगमधील घट (दर दहापट घटीला १), मूळ मोजणी आणि किमान तीन नमुन्यांचा फरक लिहावा. कंट्रोल कापडावर २४ तासांत जंतू वाढलेच नसतील, तर ती संपूर्ण फेरी बाद समजावी.

यानंतर तीच चाचणी जंतुद्रवात ५ ते १० टक्के सीरम घालून पुन्हा करावी. जखमेतून प्रथिनयुक्त द्रव सतत झिरपत असतो आणि टॅनिनचा तर गुणच प्रथिनांना चिकटण्याचा आहे. ते सीरममधल्या प्रथिनांवरच खर्ची पडले, तर जंतूंसाठी उरते काय? साध्या पाण्यात उत्तम ठरलेला हिरड्याचा गॉज या पायरीवर गळाला तरी तो निकाल प्रसिद्ध करण्याजोगा आहे.

नववी पायरी : ड्रेसिंग म्हणून कापड उरले आहे का?

पाण्यावर अलगद सोडलेला शोषक कापूस औषधसंहितेनुसार १० सेकंदांत बुडायला हवा. प्रक्रिया केलेल्या गॉजवर थेंब किती वेळ तरंगतो, ते मूळ गॉजशी तुलना करून पाहावे. शोषणक्षमतेसाठी जखमेच्या द्रवासारखे द्रावण तयार करतात : १ लिटर पाण्यात ८.२९८ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ०.३६८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. ५ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा आपल्या वजनाच्या ४० पट द्रावणात ३७ अंशांवर ३० मिनिटे ठेवावा, चिमट्याने ३० सेकंद लोंबता धरावा आणि वजन करावे. डिंक किंवा घट्ट अर्काने सूत कडक झाले असेल तर ते या आकड्यातही दिसते आणि हाताला तर लगेच कळते.

पेशींवरील विषारीपणाची चाचणी आयएसओ १०९९३-५ प्रमाणे होते. उंदराच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या) पेशी कापड भिजवून काढलेल्या द्रवात ठेवतात आणि जिवंत पेशींचे प्रमाण ७० टक्क्यांखाली गेले तर कापड विषारी मानतात. या चाचणीत वनस्पतींच्या अर्काचा एक सापळा आहे. एमटीटी हे रंगद्रव्य जिवंत पेशींनी जांभळे करायचे असते, पण फिनॉलयुक्त अर्क पेशी नसतानाही ते जांभळे करू शकतात. मग मेलेल्या पेशी कागदावर जिवंत दिसतात. पेशीविरहित कंट्रोल ठेवावा, एमटीटी घालण्याआधी पेशी धुवाव्यात किंवा न्यूट्रल रेड पद्धतीने पडताळा घ्यावा. ॲलर्जीची चाचणी पुढे तज्ज्ञ प्रयोगशाळेतच होईल.

दहावी पायरी : निर्जंतुकीकरण

जंतुरोधक कापड हे निर्जंतुक कापड नव्हे. वाळलेल्या वनस्पतीसोबत मातीतले बीजाणू येतात. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम यांचे बीजाणू अर्काला, अल्कोहोलला आणि वाळवण्याच्या उष्णतेलाही दाद देत नाहीत. धनुर्वाताचा जंतू याच कुळातला असल्यामुळे कच्ची पूड जखमेत भरणे धोक्याचे ठरते.

वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये तेलयुक्त अर्क टिकत नाहीत आणि टॅनिनही काही अंशी बदलते. निर्जंतुकीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या इथिलीन ऑक्साइड वायूचा अंश कापडात राहू शकतो. गॅमा किरणांचा मार्ग मुंबईकरांना जवळचा आहे, कारण वैद्यकीय सामग्री किरणांनी निर्जंतुक करणारा आयसोमेड हा प्रकल्प भाभा अणुसंशोधन केंद्राने १९७४ साली ट्रॉम्बे येथे उभारला. २५ किलोग्रे ही प्रचलित मात्रा आहे. किरणांनी सुताची ताकद थोडी घटते आणि रंग बदलू शकतो. पद्धत कोणतीही असो, जंतुचाचणी, शोषण आणि पेशीचाचणी या तिन्ही निर्जंतुकीकरणानंतरच्या नमुन्यांवर पुन्हा कराव्यात. सुरुवातीचे आकडे तुलनेपुरते असतात, अंतिम अहवालात हे नंतरचे आकडे जातात. काही नमुने पाकिटात बंद करून एक पूर्ण पावसाळा साध्या कपाटात ठेवावेत आणि मग तपासावेत.

अकरावी पायरी : दावा, पेटंट आणि परवाना

"हळद जखमेवर गुणकारी" हा दावा नवा नाही, हे पेटंट कार्यालयालाही मान्य करावे लागले आहे. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीच्या या उपयोगावर दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून आव्हानित केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्या कामात नवेपण असेल तर ते बसवण्याच्या पद्धतीत किंवा मोजमापात असेल, वनस्पतीच्या गुणात नव्हे. त्यामुळे शोधसाहित्य वाचताना वस्त्रतंत्राकडे अधिक लक्ष द्यावे.

विक्रीचा विचार असेल तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ वाचावेत. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत आणि ती अ, ब, क, ड अशा जोखमीच्या वर्गांत विभागली जातात. साध्या गॉजपेक्षा क्रियाशील द्रव्य असलेली ड्रेसिंग सामान्यतः वरच्या वर्गात धरली जाते. अ आणि ब वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्याच्या औषध प्रशासनाकडून, तर क आणि ड वर्गाचा केंद्रीय संस्थेकडून मिळतो. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंदी असल्याने, मधुमेही रुग्णाच्या पायाच्या जखमेविषयी माहितीपत्रकात काही लिहायचे असेल तर ते कायद्याच्या जाणकाराला दाखवूनच लिहावे. माणसांवरील कोणत्याही चाचणीला नैतिकता समितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी लागते.

वैद्यकीय कापडाच्या चाचण्यांसाठी कोइमतूरच्या सिट्रा या वस्त्रसंशोधन संस्थेत स्वतंत्र केंद्र आहे. सर्वसाधारण वस्त्रचाचण्या घाटकोपरला बीट्रामध्ये होतात. नमुने पाठवताना अर्काच्या खेपेचा क्रमांक, पिक-अप, क्युअरिंगचे तापमान आणि सगळी कंट्रोल कापडे सोबत द्यावीत, आणि प्रत्येक पाकिटावर "केवळ प्रयोगशाळेतील तपासणीसाठी, जखमेवर वापरू नये" असे ठळक लिहावे.